टाकणखाराची लाही, गव्हाएवढा चुना आणि बाळगुटी: घरातलं काय ठेवायचं, काय काढायचं

एका आईचा प्रश्न आहे. तिच्या आठ महिन्यांच्या बाळाला खोकला झाला की सासूबाई टाकणखाराची लाही मधात कालवून चाटवतात. तोंड आलं की तुरटीची लाही बोटाने आतून फिरवतात. स्वतःच्या गुडघ्यांसाठी त्या रोज गव्हाच्या दाण्याएवढा चुना दह्यातून घेतात. आईला हे सगळं बंद करून अडुळसा, गुळवेल, बाळगुटी अशा आयुर्वेदिक वनस्पतींवर यायचं आहे. खनिज धोक्याचं आणि वनस्पती निर्धोक, हे बरोबर आहे का, असं तिने विचारलं आहे.

ताई, टाकणखार आजच बंद करा. बाकीचं उत्तर सावकाश वाचलंत तरी चालेल, पण हे थांबायला नको.

टाकणखार म्हणजे बोरॅक्स. सोनार डाग देताना वापरतो तोच. पूर्वी लहान मुलांचं तोंड आलं की डॉक्टरसुद्धा बोरॅक्स-ग्लिसरीन लावायला सांगत, त्यामुळे साठीच्या पुढच्या बायकांना त्यात काही वावगं वाटत नाही. सासूबाईंचा दोष नाही. त्यांनी जे पाहिलं तेच त्या करताहेत. पण त्यातलं बोरॉन आतड्यातून सहज शोषलं जातं आणि बाहेर पडायला मुख्यतः मूत्रपिंडाची वाट धरतं. आठ महिन्यांच्या बाळाचं मूत्रपिंड अजून पुरतं तयार झालेलं नसतं. एकदा चाटवलं आणि काही झालं नाही, म्हणून घरात विश्वास बसतो. त्रास होतो तो दिवसातून तीनदा, आठवडा-दोन आठवडे दिल्यावर.

१९८३ साली दोन डॉक्टरांनी सात बाळांची हकीकत वैद्यकीय नियतकालिकात मांडली होती. या बाळांच्या चोखणीला घरचे मध आणि बोरॅक्सचं मिश्रण लावून देत होते, कित्येक आठवडे. बाळांना झटके येऊ लागले. मिश्रण बंद केलं, झटके थांबले. आपल्या लाही-मधाच्या चाटणात आणि त्या मिश्रणात रसायन म्हणून काहीही फरक नाही. तिकडे ते चोखणीवर होतं, आपल्याकडे करंगळीवर असतं.

इथे सासूबाई म्हणतील, की आम्ही कच्चा टाकणखार देत नाही, तव्यावर फुलवून लाही करून देतो, म्हणजे तो शुद्ध झाला. हा मुद्दा नीट समजून घ्या, कारण घराघरात सगळा भरवसा त्याच्यावरच आहे. टाकणखाराच्या खड्यात वजनाने जवळजवळ निम्मं, ४७ टक्के, पाणी असतं. तवा तापला की ते पाणी उडतं आणि खडा फुलतो. उडतं ते फक्त पाणी, बोरॉन तिथेच राहतं. कच्च्या खड्यात ते सुमारे ११ टक्के असतं आणि पुरतं पाणी गेलेल्या लाहीत सुमारे २१ टक्के. म्हणजे तितक्याच वजनाची लाही कच्च्यापेक्षा जवळजवळ दुप्पट तीव्र. लाही हलकी असते म्हणून चिमटीत कमी वजन येतं हे खरं, पण चिमूट कोणाची आणि केवढी याचा हिशेब कोणत्याच स्वयंपाकघरात नसतो. रसशास्त्रात, म्हणजे आयुर्वेदाच्या धातू-खनिजांच्या शाखेत, टंकण (टाकणखारच) फुलवून घ्यायला सांगितलं आहे, आणि ते मापाने, इतर औषधांबरोबर, वैद्याने द्यायचं आहे. तव्यावर फुलवला म्हणून टाकणखार तान्ह्या बाळाच्या पोटात घालण्याजोगा होत नाही.

मधाचं वेगळं सांगायला हवं. वर्षाच्या आतल्या बाळाला मध कुठल्याच औषधाबरोबर देऊ नये, जन्मल्यावर चाटवतात तो थेंबभरही नाही. मधात बोट्युलिझम करणाऱ्या जंतूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते रुजत नाहीत, पण बाळाच्या आतड्यात रुजून विष तयार करतात. बाळ सैल पडतं, चोखायचं कमी करतं, रडणं क्षीण होतं, शौचाला होत नाही. हा आजार क्वचित होतो, पण झाला तर बाळाला कृत्रिम श्वासावर ठेवायची वेळ येऊ शकते. वर्ष उलटल्यावर हाच मध खोकल्यावर खरोखर उपयोगी आहे. झोपताना अर्धा चमचा दिला तर रात्रीची उबळ कमी होते, आणि ते मी आनंदाने सुचवते.

तुरटीवर फार वेळ घालवत नाही. दाढीच्या कापावर तुरटीचा खडा फिरवा, मोठ्या माणसाला हिरड्यांतून रक्त येत असेल तर तुरटीच्या कोमट पाण्याने चूळ भरून थुंकून टाकू द्या, गढूळ पाण्यात फिरवून गाळ खाली बसवा. या कामांना ती चांगली आहे. बाळाला चूळ भरता येत नाही, ते सगळं गिळतं. तुरटीतलं ॲल्युमिनियम निरोगी मूत्रपिंड बाहेर टाकतं, बिघडलेलं टाकू शकत नाही, आणि मग ते हाडांत आणि मेंदूत साठतं. म्हणून किडनीच्या रुग्णाच्या पोटातही तुरटी जाऊ देऊ नये. तुरटीच्या लाहीलाही तोच हिशेब लागू आहे. पाणी जातं, ॲल्युमिनियम जात नाही. बाळाचं तोंड आलं असेल तर आतून दह्यासारखे पांढरे चट्टे आहेत का ते पाहा. पुसले तरी निघत नसतील तर ती बुरशी असते आणि तिच्यावर बालरोगतज्ज्ञांकडे साधा, स्वस्त उपाय असतो.

चुन्याबद्दल मात्र थोडा हिशेब करू, कारण व्हॉट्सॲपवरून तो घराघरात शिरला आहे. रोज गव्हाएवढा चुना, आणि गुडघे, कंबर, उंची, रक्त सगळं सुधारणार असा दावा असतो. पानाचा ओला चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड आणि पाणी. गव्हाच्या दाण्याएवढ्या ओल्या चुन्यातून कॅल्शियम मिळतं साधारण दहा-पंधरा मिलिग्रॅम. एका पेल्याभर दुधातून मिळतं दोनशेच्या वर. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास. म्हणजे सासूबाई ज्या वाटीभर दह्यात चुना कालवतात, त्या दह्यातच चुन्यापेक्षा कितीतरी पट कॅल्शियम आहे. चुना काढून नुसतं दही खाल्लं तरी त्यांचं काही कमी होणार नाही.

दह्यात कालवलेल्या एवढ्याशा चुन्याने घसा भाजणार नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. अडचण तीन ठिकाणी आहे. गुण येत नाही म्हटल्यावर गव्हाचा हरभरा होतो. बाजारातला चुना खाण्याचं औषध म्हणून तपासलेला नसतो, त्यात आणखी काय आहे हे कोणी पाहत नाही. आणि सर्वांत मोठं नुकसान म्हणजे चुना चालू आहे म्हणून तपासणी होत नाही. साठीच्या बाईंची हाडं ठिसूळ होत असतील, ड जीवनसत्त्व तळाला गेलं असेल, तर ते चुन्याने भरून निघणार नाही, आणि घसरून खुबा मोडला की मग कळतं.

शिवाय घरात रांगणारं बाळ आहे. चुन्याची पुडी किंवा डबी त्याच्या हाताला लागता कामा नये. पुडी दाबली की चुना उडून डोळ्यात जातो, आणि चुना तीव्र अल्कली असल्यामुळे बुबुळ आतपर्यंत भाजतो. हे नेत्ररोगतज्ज्ञांना चांगलं माहीत आहे. असं कधी झालंच तर दूध, तूप, गुलाबपाणी काही शोधत बसू नका. तांब्याने स्वच्छ पाणी डोळ्यावर सोडत राहा, निदान पंधरा-वीस मिनिटं, पापण्या उघडून धरून. आणि तसंच थेट डोळ्यांच्या दवाखान्यात जा.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. खनिज वाईट आणि वनस्पती चांगली, ही वाटणी मला मान्य नाही, आणि ती धरून तुम्ही औषधं बदललीत तर एका धोक्यातून उठून दुसऱ्यात बसाल.

घरातला सर्वांत मोलाचा उपाय खनिजाचाच आहे. जुलाब लागले की लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. १९७१ च्या बांगलादेश युद्धात पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाइन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबिस यांनी मीठ-साखरेचं पाणी तोंडाने पाजून हजारो लोकांना वाचवलं. त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. तेच मीठ अर्ध्याऐवजी दोन चमचे पडलं तर बाळाच्या रक्तातलं सोडियम चढून झटके येऊ शकतात. पदार्थ तोच, फरक मापाचा. म्हणून तान्ह्या बाळासाठी मी घरी मोजण्यापेक्षा ओआरएसची तयार पुडी वापरायला सांगते.

आणि वनस्पतींचं म्हणाल तर आपल्या औषध कायद्याच्या नियमांत आयुर्वेदातल्या विषारी द्रव्यांची एक यादी आहे, अनुसूची ई-१. तिच्यात पारा, हरताळ, मनःशिळा, हिंगूळ, मोरचूद, शेंदूर ही खनिजं आहेत. पण त्याच यादीत अफू, धोत्रा, गुंज, जमालगोटा, कण्हेर, कळलावी, कुचला, बचनाग आणि बिब्बा याही आहेत, आणि या सगळ्या झाडांपासून येतात. बिब्ब्याचं विदर्भ-मराठवाड्यातल्या कुणालाही सांगायला नको. गुडघा दुखला की बिब्ब्याचा चटका देतात, तो उततो, फोड येतात, अंगभर सूज चढते. असे पाय घेऊन लोक माझ्याकडे येतात, आणि बहुतेकांचं म्हणणं एकच असतं की झाडाचं आहे, त्याने काय होणार.

बाळगुटीकडे याच नजरेने पाहा. हिरडा, बेहडा, सुंठ, हळकुंड, मुरडशेंग, सागरगोटा, काकडशिंगी, ज्येष्ठमध, मायफळ, जायफळ, वेखंड, अतिविष, खारीक, बदाम. सहाणेवर एकेकाचे वेढे उगाळून आईच्या दुधात चाटवायची पद्धत. यात मला आवडणारी गोष्ट म्हणजे मात्रा. एक वेढा, दोन वेढे, बाळ वाढेल तसे वाढवायचे. आजीबाईंनी मात्रा मोजायची एक रीत बसवलेली होती. पण त्यातलं प्रत्येक द्रव्य सारखं सौम्य नाही. जायफळाने बाळ गुंगतं. रात्री रडणाऱ्या बाळाला जायफळाचे वेढे वाढवून झोपवण्याची सवय लागते, ती अजिबात लावू नका. वेखंड जास्त झालं की उलटी होते, ग्रंथांतही ते वांतीसाठी सांगितलं आहे. आपल्याकडच्या वेखंडात बीटा-असारोन नावाचा घटक भरपूर असतो. त्याने प्रयोगातल्या उंदरांना गाठी झाल्या, म्हणून अमेरिकेत १९६८ पासून वेखंड अन्नात घालायला बंदी आहे. मी बाळाच्या पोटात वेखंड देत नाही. टाळूवर, छातीवर, बाहेरून पूड चोळण्यापुरतं ठेवते.

अतिविष हा तर खरेदीचाच प्रश्न आहे. अतिविष आणि बचनाग एकाच कुळातले. अतिविष सौम्य आहे आणि महाग आहे, बचनाग जहाल विष. काष्ठौषधीच्या दुकानातून आणलेलं मूळ नक्की कोणतं, हे घरी ओळखता येत नाही. तोंडात धरून जीभ बधिर झाली तर ते अतिविष नव्हे, अशी जुनी खूण आहे, पण ती परीक्षा तुम्ही घरी घेऊ नका. ज्याची ओळख पटलेली नाही ते मूळ बाळाच्या सहाणेवर येऊच नये.

तर बाळगुटी द्यायची की नाही? सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाशिवाय काहीच नको, गुटीही नको, पाणीही नको. त्यानंतर घरच्यांची फार इच्छा असेल तर सुंठ, मुरडशेंग, खारीक, बदाम यांतली दोन-तीन द्रव्यं, एकेक वेढा, तोही दिवसातून एकदाच. सहाण उकळत्या पाण्याने धुवायची, उगाळायला उकळलेलं पाणी घ्यायचं. ओल लागून बुरशी आलेला बदाम किंवा हळकुंड पुसून पुन्हा वापरायचं नाही, फेकायचं. बाळगुटीने जुलाब लागलेली जी बाळं मी पाहिली, त्यांत दोष औषधापेक्षा सहाणेच्या अस्वच्छतेचा जास्त होता.

अडुळसा चांगलं औषध आहे. त्यातल्या व्हॅसिसिनपासून पुढे ब्रोमहेक्सिन हे आधुनिक औषध तयार झालं, आणि ते कफ पातळ करायला आजही दिलं जातं. पण अडुळशाने गर्भाशयाचं आकुंचन होऊ शकतं, म्हणून गरोदरपणी तो नको. वासकासवासारख्या आसवांत आंबवण्यातून आपोआप तयार झालेलं मद्य असतं, ते लहान मुलांना नको. आठ महिन्यांच्या बाळाला अडुळशाचं कुठलंच सिरप स्वतःच्या मनाने देऊ नका. दोन वर्षांच्या आतल्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत, असं केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानेही ऑक्टोबर २०२५ मध्ये सांगितलं आहे.

गुळवेल बाळाला तर नकोच, मोठ्यांनीही महिनोन् महिने पिऊ नये. कोविडच्या काळात घरोघरी काढे सुरू झाले. २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं. आयुष मंत्रालयाने त्या वनस्पतीची ओळख नीट तपासलेली नव्हती असा आक्षेप घेतला, आणि गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी वेल असते हे खरंच आहे. माझ्या दृष्टीने दोन्हींतून एकच काळजी घ्यायची. वेल कोणती ते माहीत नसेल तर पिऊ नये, आणि ज्यांना थायरॉइड, संधिवात यांसारखा ऑटोइम्यून, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटणारा, आजार आहे त्यांनी विचारल्याशिवाय घेऊ नये. ज्येष्ठमधाचंही तसंच. घसा बसला तर दोन दिवस कांडी चघळा, पण रोज काढा प्यायलात तर रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम उतरतं. सासूबाईंना रक्तदाबाची गोळी चालू असेल तर हे लक्षात ठेवा. पित्तासाठी त्या खाण्याचा सोडा घेत असतील तर तोही थांबवा. एका सपाट चमच्यात बाराशे मिलिग्रॅमच्या वर सोडियम जातं, आणि दिवसभराची मर्यादाच दोन हजार सांगितली आहे. त्याऐवजी रात्री भिजवलेल्या धण्यांचं पाणी किंवा काळ्या मनुका द्या.

तयार औषधांच्या डब्यावर 'शंभर टक्के हर्बल' लिहिलं म्हणजे धातू नाही, असंही समजू नका. अमेरिकेतल्या संशोधकांनी इंटरनेटवरून विकत घेतलेली १९३ आयुर्वेदिक उत्पादनं तपासून २००८ साली निष्कर्ष छापले. पाचांतल्या एकात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. धातू-खनिजं घालून केलेल्या रसौषधींत हे प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास होतं, ते अपेक्षितच. पण ज्यांत धातू मुद्दाम घातलेले नव्हते अशा औषधांतही ते १७ टक्के निघालं. माती, पाणी, दळायची यंत्रं, भेसळ, कुठूनही ते येतं. निर्यातीच्या वनौषधींना शिशाची मर्यादा १० पीपीएम (दहा लाख भागांत दहा), आर्सेनिकची ३, पाऱ्याची १ आणि कॅडमियमची ०.३ अशी आहे. घरातल्या माणसांनी खायच्या औषधाला तीच तपासणी का मागू नये? तपासणीचा दाखला मागा. देत नसेल त्या दुकानातून घेऊ नका.

मी स्वतः रसशास्त्र शिकलेली आहे आणि भस्मं वापरते, पण मोजक्या रुग्णांत, मोजके दिवस, आणि मूत्रपिंड-यकृताची तपासणी हातात घेऊन. भस्म पाण्यावर तरंगतं, बोटांच्या रेषांत शिरतं, या जुन्या परीक्षा ते किती बारीक झालं हे सांगतात. शिसं शरीरात गेल्यावर काय करील ते त्या सांगत नाहीत. मुलांना आणि गरोदर बायकांना मी शिशाची, पाऱ्याची औषधं देत नाही.

आता एकदा घरातला औषधांचा डबा काढा. सुरमा असेल तर फेका; बाजारातला पुष्कळसा सुरमा शिशाचाच असतो. गळवावर लावायचं मुरदाडशिंग, मोरचुदाचा निळा खडा, हिंगूळ, हे घरात ठेवू नका. देवाचा शेंदूर देवापाशी, बाळाचा हात पोचणार नाही अशा उंचीवर. शिशाची सुरक्षित अशी पातळीच नाही, आणि मुलाच्या मेंदूला झालेली इजा भरून येत नाही. गरोदर बाई डोहाळ्यांत गेरू, भाजकी माती किंवा पाटीवरची पेन्सिल खात असेल तर तिला रागावू नका, तिचं हिमोग्लोबिन तपासा.

बाळाच्या खोकल्याला मग करायचं काय? स्तनपान वाढवा. कोमट पाणी, पातळ पेज द्या. नाक चोंदलं असेल तर औषधाच्या दुकानात मिठाच्या पाण्याचे थेंब मिळतात, ते पाजण्याआधी आणि झोपण्याआधी घाला. ओवा तव्यावर गरम करून पुरचुंडी बाळाच्या उशाशी ठेवा, अंगाला चिकटवू नका, नाकाशी धरू नका. कापूर आणि निलगिरीचं तेल बाळाजवळ नकोच. साधा खोकला दोन आठवड्यांत जातो. पण बाळ शांत असताना घड्याळ लावून एक मिनिट श्वास मोजा. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाला मिनिटाला ५० किंवा त्याहून जास्त श्वास लागत असेल, श्वास घेताना फासळ्यांखालचा भाग आत खेचला जात असेल, बाळ पीत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, तर कुठलाच काढा न करता दवाखाना गाठा.

सासूबाईंच्या गुडघ्यांना निर्गुडीच्या पानांचा शेक, तिळाच्या तेलाचं मालीश, रोज नाचणीची भाकरी, आणि बसून पाय सरळ करून मांडीचा स्नायू आवळायचा व्यायाम. ड जीवनसत्त्व आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कळण्यासाठीची रक्ततपासणी) एकदा तपासून घ्या. त्यांना हे तुम्ही सांगण्यापेक्षा बाळाच्या डॉक्टरांनी त्यांच्यासमोर सांगितलं तर बरं, म्हणून पुढच्या लसीच्या वेळी त्यांनाही बरोबर न्या.

जाताना टाकणखाराची पुडीही न्या. लाही किती दिवस दिली, दिवसातून कितीदा आणि चिमूट साधारण केवढी, हे सासूबाईंनाच डॉक्टरांना सांगू द्या. मधल्या काळात बाळाला उलट्या-जुलाब झाले, अंग लाल होऊन कातडी सुटू लागली, ते विनाकारण किरकिर करू लागलं किंवा हातपाय झटकू लागलं, तर लसीच्या तारखेची वाट पाहू नका, त्याच दिवशी जा.